मुलाला डिफेन्सिव्ह लाइनचा कोच व्हायचंय

सायोटोकाठी

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण दोन महिने घरात हा एकच विषय चालू आहे आणि आम्ही दोघं नवरा-बायको त्याच त्या मुद्द्यांभोवती फिरतोय.

आम्ही सतरा वर्षं ओहायोत, कोलंबसला राहतो. मुलगा नववीपासून फुटबॉल खेळायला लागला. अमेरिकन फुटबॉल, चेंडू काखोटीला मारून पळायचा तो. अंगानं थोराड म्हणून शाळेनं त्याला डिफेन्सिव्ह लाइनवर उभं केलं आणि तो तिथेच रमला. पुढे एका लहानशा डिव्हिजन थ्री कॉलेजात चार वर्षं डिफेन्सिव्ह टॅकल होता, म्हणजे त्या ओळीत आतल्या बाजूला. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. मुलं केवळ आवडीपोटी खेळतात. गेल्या मे महिन्यात मेकॅनिकल इंजिनिअर झाला, नोकरीचं पत्र आलं, आणि त्यानं ते नम्रपणे परत केलं. गेला सगळा हंगाम एका शाळेच्या संघाला विनामोबदला शिकवत होता. आता म्हणतो, आयुष्यभर हेच करायचंय. आणि त्याला मुख्य कोच व्हायची ओढ नाही. डी-लाइनचाच कोच व्हायचंय.

त्याच्या आजीनं नाशिकहून विचारलं, "अकरा जणांत चौघांनाच शिकवायचं, त्याला वेगळा माणूस?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तेच सांगते.

समोरच्या संघाच्या पाच जणांची भिंत असते, एकेक जण दीडशे किलोच्या आसपास. त्या भिंतीला चेंडू हलताक्षणी भिडायचं काम डी-लाइनचं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट द्यायची नाही आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला विचार करायला वेळ द्यायचा नाही. प्रत्येक चाल पाच-सहा सेकंदांत संपते, पण चौघांपैकी एकाची कंबर वितभर वर राहिली तरी भिंत त्याला उचलून मागे नेते. कोच शिकवतो ते हेच: हात जमिनीला टेकवून बसायचा पवित्रा, आवाजाकडे लक्ष न देता फक्त चेंडू हलताना बघून सुटणं, पहिल्या पावलाची लांबी, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूनं कसे लावायचे, त्याचे हात आपल्या अंगावरून कसे झटकायचे. भिंतीतल्या कुणाच्या कुठल्या खांद्यासमोर उभं राहायचं याला आकडे आहेत. भिंतीत मधला तो सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटरच्या नाकासमोर तो शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच. या आकड्यांचं श्रेय टेक्सासच्या बम फिलिप्स या कोचला देतात. माझा मुलगा "थ्री-टेक्निक" होता. चार वर्षं हा शब्द आमच्या जेवणाच्या टेबलावर होता.

त्याच्या खोलीत एकाच माणसाचा फोटो आहे, लॅरी जॉन्सन. खेळाडू नाही, कोच. त्याची वाट मुलानं मला इतक्यांदा सांगितली की मीही शोधून शोधून वाचत गेले.

जॉन्सन नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्यम्स्टनचा. एलिझाबेथ सिटी स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात तो लाइनबॅकर होता, म्हणजे लाइनच्या मागे उभा राहणारा बचावपटू. त्यानंतर वीसएक वर्षं त्यानं शाळांमध्ये काढली, आधी मेरीलँडमध्ये, मग व्हर्जिनियात. १९९६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, पेन स्टेट विद्यापीठानं त्याला बोलावलं. तिथे त्यानं अठरा हंगाम काढले. २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या दिवशी, देशातला पहिला निवडलेला खेळाडू त्याचा कोर्टनी ब्राउन होता. २००३ च्या पहिल्या फेरीत त्याच्या लाइनवरचे दोघे, जिमी केनेडी आणि मायकल हेन्स, बाराव्या आणि चौदाव्या क्रमांकावर गेले, आणि त्याच फेरीत सत्ताविसावा त्याचा स्वतःचा मुलगा, लॅरी धाकटा. मुलगा लाइनवर नव्हता, रनिंग बॅक होता, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. एकाच दिवशी दोन शिष्य आणि एक लेक! त्या बापाला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तांबा हालीचं नावही इथे यायला हवं. लायबेरियातल्या यादवीतून सुटून दहाव्या वर्षी न्यू जर्सीत आलेला मुलगा. फुटबॉल त्याला इथे येऊनच कळला. जॉन्सनच्या हाताखाली तयार होऊन २००६ मध्ये तो पहिल्या फेरीत कॅन्सस सिटीला गेला आणि सगळी कारकीर्द त्या एकाच संघात काढली.

२०१४ मध्ये जॉन्सन आमच्या गावात, ओहायो स्टेट विद्यापीठात आला. तेव्हा त्यानं साठी ओलांडली होती. जोई बोसा, त्याचा भाऊ निक बोसा, चेस यंग हे त्याचे इथले शिष्य. तिघंही आपापल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या तिनांत. चेस यंगनं २०१९ मध्ये साडेसोळा सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं. विद्यापीठाचा तो विक्रम.

तर प्रश्न असा. इतका मोठा माणूस तीस वर्षं "सहायक"च राहिला. मुलगा म्हणतो, तो राहिला नाही, त्यानं ती जागा निवडली. नवरा म्हणतो, लॅरी जॉन्सन हजारांत एक असतो, बाकीच्यांचं काय होतं ते बघ. दोघांचंही मला पटतं. तुम्ही काय म्हणता?

---

दुपारचा_चहा

ताई, धागा छान आहे. मला या खेळातलं काही कळत नाही, पण पोटापाण्याचं कळतं. या वाटेवर पहिली पाच वर्षं माणूस खातो काय? शिडी कशी असते? आणि वरच्या पायरीवर मिळतं किती?

---

सायोटोकाठी

मुलाला बसवून हेच विचारलं.

मोठ्या विद्यापीठात सुरुवात बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. सगळे त्याला जीए म्हणतात. विद्यापीठात एमएला किंवा एमएसला नाव घालायचं, फी माफ होते, वर थोडा भत्ता. त्या बदल्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची फिल्म कापून चाल न् चाल वेगळी करायची, सराव-संघासाठी त्या चालींची चित्रं पुठ्ठ्यावर काढायची, भेटीला येणाऱ्या शाळकरी खेळाडूंना विमानतळावरून आणायचं. शिकवायला मिळालंच तर दिवसातली वीस मिनिटं. जीएच्या जागा मोजक्या असतात. त्या नाहीत तर लहान कॉलेजात अर्धवेळ सहायक, तिथे कधी पैशांऐवजी वसतिगृहातली खोली आणि मेसचं जेवण.

त्यानंतर लहान कॉलेजात पूर्ण वेळ डी-लाइन कोच, मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं. सर्वोच्च विभागात मुख्य कोचच्या हाताखाली पूर्वी नऊ सहायक असत, २०१८ पासून दहा झाले. २०२४ मध्ये नियम सैल झाला आणि फिल्मवर काम करणाऱ्या अ‍ॅनलिस्टनाही मैदानावर शिकवायची मुभा मिळाली. बाहेर फिरून खेळाडू मिळवायचं काम मात्र मुख्य कोच आणि त्या दहांपुरतंच राहिलं. मुलाच्या मते त्याच्या पिढीसाठी ही मोठी गोष्ट आहे, आता शिकवता येण्यासाठी दहांत असायलाच हवं असं नाही.

वरचा पैसा प्रचंड आहे. बड्या विद्यापीठांत संपूर्ण बचाव सांभाळणाऱ्या को-ऑर्डिनेटरला वर्षाला वीस लाख डॉलर आणि त्याहून जास्तही मिळतात. पण तिथवर पोचणारे किती थोडे!

---

बायूकाठचा

मी लुइझियानात, बॅटन रूजला असतो. लॅरी जॉन्सनचं कौतुक सार्थ आहे, पण डी-लाइन कोचची कहाणी सांगताना एड ओर्जेरॉन राहून कसा चालेल?

ओर्जेरॉन इथल्याच बायू लाफूर्श या संथ नदीकाठच्या लारोझ गावचा. एलएसयूत, म्हणजे आमच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात खेळायला आला, थोड्याच दिवसांत परत गेला, टेलिफोनच्या तारांसाठी चर खणायचं काम केलं. मग नॉर्थवेस्टर्न स्टेटला खेळला आणि तिथेच १९८४ मध्ये जीए झाला. पुढे मॅक्नीज, मग आर्कान्सामध्ये व्यायामशाळेचा सहायक कोच, आणि १९८८ मध्ये मायामी. त्या मायामीनं १९८९ आणि १९९१ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. कॉर्टेझ केनेडी आणि रसेल मेरीलँड हे त्याच्या लाइनवरचे. मेरीलँड तर १९९१ च्या ड्राफ्टमध्ये देशात पहिला.

आणि मग दारू. सगळं सोडून त्याला घरी यावं लागलं. हे तो स्वतः उघडपणे बोलतो. १९९४ मध्ये घराजवळच्या निकल्स स्टेटला बिनपगारी शिकवायला लागला. मायामीचा विजेता कोच बिनपगारी! तिथून सिरॅक्यूज, तिथून १९९८ मध्ये यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. २००५ मध्ये ओले मिसनं, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठानं, मुख्य कोच केलं. तीन वर्षांत १० विजय, २५ पराभव, आणि हकालपट्टी. पुन्हा डी-लाइन. २०१३ मध्ये यूएससीनं हंगामाच्या मध्यात त्याला हंगामी मुख्य कोच नेमलं, त्यानं आठांतले सहा सामने जिंकले, आणि कायमची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली. २०१४ सगळं घरी. २०१५ मध्ये एलएसयूला परत डी-लाइन कोच, २०१६ मध्ये इथेही आधी हंगामी, मग कायम.

२०१९ चा तो हंगाम आम्ही इथे जगलोय. पंधरा सामने, पंधरा विजय. १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनला ४२-२५ नं हरवलं त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नव्हतं. आणि पुढच्याच वर्षी पाच जिंकले, पाच हरले. २०२१ मध्ये विद्यापीठानं सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर देऊन त्याला मोकळं केलं.

ताई, मुलाला एकच सांगा. ओर्जेरॉन जेव्हा जेव्हा पडला, तेव्हा त्याला उभं केलं ते डी-लाइननं. सिरॅक्यूज असो की यूएससी, लोकांना ठाऊक होतं की हा माणूस चार पोरांच्या हाताला वळण लावतो. हातात कारागिरी असली की दार उघडतं. आणखी एक. २०१६ मध्ये तो हंगामी मुख्य कोच झाला तेव्हा त्याची स्वतःची लाइन सांभाळायला कोण आलं? पीट जेन्किन्स, या विद्येतला इथला जुना गुरू, निवृत्तीतून उठून, पंच्याहत्तरीत.

---

लाल_माती

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. तालमीत वाढलो, आता गावातल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ माती दाखवतो. तुमचा धागा वाचून सामन्यांचे व्हिडिओ बघितले. चेंडूकडं बघितलंच नाही, फक्त त्या चौघांकडं बघितलं.

ताई, ही तर खडाखडी आहे! कुस्तीत सलामी झाल्यावर दोघं एकमेकांचे हात जोखतात, मान दाबतात, मनगट धरतात, ते धरलेलं मनगट दुसरा तोडतो. ज्याचा हात आत, त्याचा डाव आधी. ज्याची कंबर खाली, त्याच्या पायाखालची माती हलत नाही. आमच्याकडं हे मिनिटभर चालतं, तुमच्याकडं दोन सेकंदांत सगळं. पण विद्या तीच.

आता मुद्द्याचं. "सहायकच राहिला" ही भाषा तालमीत नाही. वस्तादाला कुणी विचारत नाही की तू पुढं कोण होणार. हरिश्चंद्र बिराजदार मामांनी १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं, पण आमच्या पिढीला मामा ठाऊक आहेत ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीचे वस्ताद म्हणून. मामांचे पठ्ठे काका पवार, पुढं ते स्वतः वस्ताद झाले. राहुल आवारे मामांच्या आणि काकांच्या हाताखाली घडला आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला त्यानंही राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. मामा २०११ मध्येच गेले होते. बघा, वस्ताद गेल्यावरही त्याचा डाव मॅटवर चालू राहतो.

तुमचा पोरगा चांगल्या घरचं, चांगल्या शिक्षणाचं टाकून मातीत उतरतोय. त्याला माझा नमस्कार सांगा.

---

उंबरठा

लाल_माती, तुमचं लिहिणं मनाला भिडलं. तरीही मला इथे जरा थांबवावंसं वाटतं, कारण वस्तादाचा मान आणि अमेरिकेतल्या "पोझिशन कोच"ची, म्हणजे एकाच जागेवरच्या खेळाडूंना शिकवणाऱ्याची, जागा यांत एक फरक आहे आणि तो रंगाचा आहे.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येनं असतात, डी-लाइन आणि रनिंग बॅक शिकवणारे कोचही बरेचदा कृष्णवर्णीय असतात, पण मुख्य कोचच्या खुर्चीकडे बघितलं की चित्र पालटतं. "हा खेळाडू उत्तम आणतो, पोरं याचं ऐकतात" एवढ्या स्तुतीवर माणूस वीस वर्षं त्याच जागी बसवला जातो. व्यावसायिक लीगनं २००३ मध्ये रूनी नियम आणला, म्हणजे मुख्य कोच नेमण्याआधी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायलाच हवी. कॉलेजांना असा देशव्यापी नियम नाही. ओरेगॉन राज्यानं मात्र २००९ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांसाठी तसा कायदा केला.

जॉन्सन पेन स्टेटमध्ये अठरा वर्षं होता. २०१४ च्या सुरुवातीला मुख्य कोच बिल ओब्रायन गेल्यावर काही दिवस हंगामी कारभार त्याच्याकडे आला आणि कायमची नेमणूक बाहेरच्याची झाली. "त्यानं ती जागा निवडली" असं म्हणताना त्याच्यापुढे दुसरी दारं किती उघडी होती, हेही बघायला हवं.

---

सायोटोकाठी

उंबरठा, आभार. हा मुद्दा आमच्या घरात कुणीच काढला नव्हता, आणि तो निघायला हवा होता.

त्या वेळचं थोडं आणखी. बाहेरून आला तो जेम्स फ्रँकलिन, तोही कृष्णवर्णीय, पेन स्टेटच्या फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. त्यामुळे ती एक घटना नुसत्या रंगावर तोलता येत नाही. तुमचा व्यापक मुद्दा मात्र खरा आहे. फ्रँकलिनच्या हाताखाली राहणं शक्य होतं. जॉन्सन राहिला नाही, कोलंबसला आला.

इथे त्याला मिळालेली खुर्ची माइक व्हरेबलची होती. व्हरेबल ओहायो स्टेटला दोन हंगाम डी-लाइन कोच होता, मग ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघात गेला, २०१८ मध्ये टेनेसी टायटन्सचा मुख्य कोच झाला, २०२५ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा. त्याच खोलीतून एक जण चार वर्षांत मुख्य कोचच्या खुर्चीत गेला आणि एक जण दशकभर त्याच खोलीत राहिला. दोघांत कोण मोठा, हे ठरवायला मी आता तयार नाही.

आणि ५ डिसेंबर २०२०. मुख्य कोच रायन डेला कोविड झाला होता. मिशिगन स्टेटविरुद्ध संघ घेऊन जॉन्सन उतरला आणि ५२-१२ नं जिंकून आला. ओहायो स्टेटच्या इतिहासात सामन्यात मुख्य कोचची धुरा सांभाळणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. एका दिवसापुरता. आम्ही घरात बघत होतो, प्रेक्षकांविना मोकळं स्टेडियम होतं. मुलगा उभा राहून बघत होता. मला तेव्हा वाटलं की सामन्याच्या उत्साहात उभा आहे. आता कळतं.

---

गोदातीर

मी एका कॉलेजगावात राहते, आमच्या शेजारी एक सहायक कोच आणि त्याचं कुटुंब राहायचं. नाव-गाव सांगत नाही. तीन वर्षांत त्या घरात मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरची जागा सोडली तर भिंतीला खिळा ठोकलेला मी पाहिला नाही. त्याची बायको म्हणायची, अर्धी खोकी आम्ही उघडतच नाही. मुख्य कोचला काढलं की त्याच्या हाताखालचे बहुतेक सगळे जातात. एका रविवारी दुपारी बातमी आली, मंगळवारी नवरा दुसऱ्या राज्यात मुलाखतीला, आणि ती दोन मुलांना घेऊन शाळा संपेपर्यंत इथेच. सहा महिने.

मोठ्या नावांचंही तेच. सायोटोकाठी, तुम्ही ज्या फ्रँकलिनचं लिहिलंत, त्याचा संघ २०२५ चा हंगाम सुरू होताना देशात दुसऱ्या क्रमांकावर होता आणि ऑक्टोबरच्या मध्याआधी त्याला काढलं. मुख्य कोचला करारातले पैसे तरी भरपूर मिळतात. लाइन कोचच्या बायकोला घर विकायची पाटी लावावी लागते.

यात आता भर ट्रान्सफर पोर्टलची. २०१८ पासून खेळाडू आपलं नाव त्यात टाकून विद्यापीठ बदलू शकतो. २०२१ पासून त्याला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळू लागले, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कोच आपल्याच चौघांना थांबवायला धावतो. आमचे शेजारी नाताळच्या दिवशी गाडीत बसून फोनवर होते, घरातल्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं म्हणून.

मुलाला नाउमेद करायचं नाही. पण हे त्याला ठाऊक असू दे, आणि उद्या ज्या मुलीशी लग्न करेल तिला आधी.

---

शिट्टी

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, सोलापूर जिल्ह्यात. सगळ्या धाग्यात मला धरून ठेवलं ते एका ओळीनं: "वीसएक वर्षं त्यानं शाळांमध्ये काढली."

आपल्याकडे प्रशिक्षक व्हायचं तर बीपीएड करून शाळेत लागायचं, नाहीतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेऊन क्रीडा खात्यात किंवा प्राधिकरणात जागा शोधायची. शाळेतला माणूस चाळिशीनंतर थेट देशातल्या सर्वोत्तम संघाकडे गेला, असं आपल्याकडे मी पाहिलेलं नाही. शाळेतली वर्षं म्हणजे खालची वर्षं, असंच आपण धरून चालतो. पण चौदा वर्षांच्या मुलाला पवित्रा शिकवणं सगळ्यात अवघड असतं. त्याचं शरीर दर सहा महिन्यांनी बदलतं. आज बसवलेलं पाऊल दिवाळीनंतर लांब पडतं. ज्यानं हे वीस वर्षं केलं, त्याच्याकडे विशीतला तयार मुलगा आला तर त्याला चूक कुठे आहे ते लगेच दिसणार. मला वाटतं जॉन्सनची ताकद तिथली आहे.

मुलानं गेला हंगाम शाळेत फुकट शिकवलं म्हणता. ते वर्ष वाया गेलं असं घरात कुणी म्हणू नये, ही विनंती.

---

बायूकाठचा

शिट्टी सर, अगदी. आणि इथे शाळेच्या कोचची ओळख मोठी असते. विद्यापीठांचे कोच खेळाडूंच्या शोधात शाळाशाळांतून फिरतात, शाळेचा कोच त्यांना दहा वर्षं ओळखत असतो. जॉन्सननं ज्या मेरीलँडमध्ये उमेदवारी केली, चेस यंग त्याच राज्यातला.

---

सायोटोकाठी

तीन आठवड्यांनी येतेय, मधल्या काळात बरंच घडलं.

आधी गोदातीरला. तुमचा प्रतिसाद मी मुलाला मोठ्यानं वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, हे मला कुणी कोच सांगत नाहीत.

जानेवारीत देशभरच्या फुटबॉल कोचचं अधिवेशन भरतं. भाषणं असतात, पण खरा बाजार हॉटेलच्या लॉबीत भरतो. शेकडो तरुण मुलं, एकाच रंगाचे कोट, हातात बायोडेटा. मुलगा दोन मित्रांबरोबर गाडीनं गेला, तिघं एका खोलीत राहिले. चार दिवसांत अकरा जणांशी बोलला. दहांनी "कळवतो" म्हटलं. अकरावे एका लहान कॉलेजचे वयस्क डी-लाइन कोच. त्यांनी बायोडेटा बघितलाच नाही, लॉबीतल्या गालिच्यावर त्याला तीन बोटं टेकवून बसायला लावलं आणि विचारलं, "तुझ्या मुलाची कंबर वर येते, काय करशील?" मुलानं वाकून, हातानं दाखवत दहा मिनिटं सांगितलं. गेल्या गुरुवारी त्यांचा फोन आला. सहायक, डी-लाइन. वसतिगृहात खोली, मेसमध्ये जेवण, थोडा भत्ता आणि एमएसची फी माफ.

नवऱ्यानं पगाराचा आकडा दोनदा विचारला. मग काही न बोलता गॅरेजमध्ये जाऊन गाडीचे टायर बघून आला, कारण गाडी तो देणार आहे.

मला स्वतःला कशानं पटलं, ते सांगते. १० जानेवारी २०२५, टेक्सासविरुद्धचा उपांत्य सामना. ओहायो स्टेट २१-१४ नं पुढे, टेक्सास आमच्या गोलरेषेपासून एका यार्डावर. तिथून त्यांना मागे रेटलं, आणि चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात जॅक सॉयरनं क्वार्टरबॅकचा हात झटकून चेंडू उडवला, उचलला आणि ८३ यार्ड पळत गेला. सॉयर इथल्याच पिकरिंग्टनचा, आमच्या घरापासून अर्ध्या तासावरचा. आणि तो क्वार्टरबॅक क्विन युअर्स, एके काळी इथे असताना त्याचा खोलीतला सोबती. दहा दिवसांनी नोट्र डेमला ३४-२३ नं हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते झालो. सगळं गाव सॉयरची धाव पुन्हा पुन्हा बघत होतं. मुलानं मला धावेच्या आधीचे दोन सेकंद आठ-दहा वेळा दाखवले. "आई, धाव कुणालाही दिसते. तू त्याचे हात बघ." सॉयरसह त्या वर्षीचे पहिल्या फळीतले चौघंही ड्राफ्टमध्ये निवडले गेले. चौघंही जॉन्सनचे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हात बघितले.

लाल_माती, मुलानं तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. इथे कंबर खाली ठेवायला शिकवण्यासाठी लोखंडी पाइपांचं एक बुटकं छप्पर असतं, त्याला शूट म्हणतात, त्याखालून वाकून सुटायचं. त्याच्या नव्या कॉलेजात ते मोडकं आहे आणि नवं घ्यायला पैसे नाहीत. तालमीत तुम्ही हे कसं शिकवता? तो रविवारी निघतोय.

---

लाल_माती

ताई, त्याला सांगा, छप्पर नको. मी दोन खांबांना सुती दोर बांधतो, पोराच्या छातीच्या उंचीला. दोन पोरं दोराखाली समोरासमोर. दोघांनी खडाखडी करायची, पाय सरकवत या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचं आणि यायचं. लोखंडाला डोकं लागलं तर पोरगं भितं आणि मान वाकवतं. मान वाकवणं वाईट, दुखापत तिथंच होते. दोर मानेला नुसता घासतो, पोराला कळतं, आणि ते आपसूक गुडघ्यात बसतं. पाठ सरळ, नजर समोरच्याच्या छातीवर. सुरुवातीला तीन फेऱ्या, जास्त नको, मांड्या भरून येतात. आठवड्यानं दोर चार बोटं खाली घ्यायचा.

आणि पहिले दोन दिवस त्यानं स्वतः दोराखाली उतरावं. पोरं बघतात.

---

सायोटोकाठी

वाचून दाखवलं. त्यानं वहीत उतरवून घेतलं आणि विचारतोय, सुती दोर किती जाड?

---

लाल_माती

अंगठ्याएवढा.